मांगरातला लॅपटॉप, वाशीचा हिशोब: दोन डेटाबेस जुळते कसे ठेवायचे

आमची कलमं देवगड तालुक्यात आणि आंबा विकला जातो वाशीच्या फळबाजारात. पेट्या भरल्या की मांगरातल्या (बागेतल्या घरातल्या) लॅपटॉपवर नोंद होते: कुठल्या बागेचा आंबा, किती डझनी पेटी, किती पेट्या, कुठली गाडी, कुठला दलाल. काही दिवसांनी दलालाची पट्टी येते. ती नवी मुंबईत राहणारा माझा चुलतभाऊ भरतो: भाव, हमाली, भाडं, कमिशन, हातात पडलेली रक्कम. लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस, तर भावाकडचा हिशोब भाड्याच्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसमध्ये. माल एक, नोंदी दोन ठिकाणी.

पहिल्या हंगामात एका सकाळी काका मांगराच्या दारात वही घेऊन उभे. "अरे, कालच्यो चाळीस पेट्यो खंय गेल्यो? माझ्या वहीत असत, तुझ्या डब्यात नाय?" पेट्या वाशीला व्यवस्थित उतरल्या होत्या. नोंद मधेच कुठेतरी अडकली होती, आणि ती शोधायला मला दोन दिवस लागले.

तेव्हा आणि त्यानंतर केलेल्या चुका तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून हे लिहितोय. इन्सर्ट, अपडेट आणि थोडंफार पायथन येत असेल तर पुरे. तुमच्याकडे आंब्याऐवजी होमस्टेच्या खोल्या असतील किंवा मच्छीमार सोसायटीचं डिझेल असेल, तरी पायऱ्या याच.

सुरुवात करण्याआधी जवळ ठेवा

- दोन्ही डेटाबेसमधल्या तक्त्यांची यादी, रकान्यांसकट, कागदावर छापलेली
- दोन्हीकडचा बॅकअप, एकदा दुसऱ्या मशिनवर परत भरून पाहिलेला (न भरून पाहिलेला बॅकअप मी मोजत नाही)
- सर्व्हरवर सिंकसाठी (दोन्हीकडच्या नोंदी जुळत्या ठेवण्यासाठी) वेगळं खातं. लागतील तेवढ्याच तक्त्यांचे अधिकार
- पायथन आणि ठरावीक वेळाने स्क्रिप्ट चालवायची सोय
- निदान दोन कंपन्यांची सिमकार्डं. सड्यावर (वरच्या कातळावर) एकाची रेंज येते, खाली पऱ्ह्याशी (ओढ्याशी) दुसऱ्याची
- लाल आणि निळं पेन. चेष्टा नाही, पायरी २ मध्ये लागतील.

१. आधी बघा, सिंक लागतंय का

मांगरात नेट पक्कं असेल तर दोन डेटाबेस ठेवूच नका. सर्व्हरवर एक ठेवा आणि दोघांनी तोच उघडा. सिंकचं लोढणं गळ्यात घ्यायचं ते नेट भरवशाचं नसेल तरच.

दोन्हीकडे एकाच जातीचा डेटाबेस असेल आणि पलीकडे फक्त वाचायला प्रत हवी असेल, तर त्याची स्वतःची रेप्लिकेशनची, म्हणजे आपोआप प्रत ठेवण्याची, सोय वापरा. मायएसक्यूएलमध्ये ती बिनलॉगवर (बदलांच्या लॉगवर) चालते, पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून, लॉजिकल रेप्लिकेशन आहे. मात्र एक धोका ओळखून ठेवा. आमच्या मांगरातही सुरुवातीला पोस्टग्रेसच होतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, वीज गेली आणि लॅपटॉप कित्येक दिवस बंद राहिला. पलीकडचा गडी कधी ना कधी परत येईल या आशेवर सर्व्हर त्याच्यासाठी बदलांचा लॉग साठवत बसला. हा लॉग सगळ्या सर्व्हरचा मिळून एकच असतो, त्यामुळे त्या सर्व्हरवर चालणाऱ्या इतर कामांचा भारही त्यातच पडत गेला. शेवटी डिस्क भरली आणि वाशीचं कामही थांबलं. आवृत्ती १३ पासून या साठ्याला मर्यादा घालता येते. पण ती ओलांडली की ते रेप्लिकेशन बाद होतं आणि सगळी प्रत नव्याने घ्यावी लागते. आमच्यासारख्या, आठवडाभर अंधारात राहू शकणाऱ्या जागेसाठी हा मार्ग नव्हे असं माझं मत झालं.

आणखी एक शॉर्टकट बहुतेक सगळ्यांना सुचतो, मलाही सुचला होता: एसक्यूलाइटची फाइलच ऑनलाइन ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायची. करू नका. डेटाबेस चालू असताना अर्धी लिहिलेली फाइल उचलली जाते, सोबतची लॉगची फाइल मागे राहते, आणि एक दिवस फाइल उघडतच नाही. प्रत हवी असेल तर एसक्यूलाइटचीच बॅकअपची आज्ञा वापरा.

२. रकान्याचा मालक ठरवा

या पायरीवर एक अख्खी संध्याकाळ घालवा. बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे.

छापलेली यादी पुढ्यात घ्या. मांगरात लिहिल्या जाणाऱ्या रकान्यापुढे लाल खूण, वाशीत लिहिल्या जाणाऱ्यापुढे निळी. बाग, डझन, गाडी, दलाल: लाल. भाव, हमाली, भाडं, कमिशन, रक्कम: निळी. ज्याच्या रंगाचा रकाना, त्यानेच तो बदलायचा. दुसऱ्याने वाचायचा, आणि चूक दिसली तर फोन करायचा.

काही रकान्यांवर दोन्ही रंग पडतील. आमच्याकडे तो होता "पेट्यांची संख्या". मांगरातून ४० गेल्या, पट्टीत ३८ आल्या, म्हणून भावाने ४० चे ३८ केले. त्याच रात्री काकांनी त्या नोंदीत बागेच्या नावातली चूक सुधारली. माझी स्क्रिप्ट तेव्हा अख्खी ओळ पाठवत असे आणि ज्याची वेळ शेवटची त्याचं खरं मानत असे. काकांची ओळ जुने ४० घेऊन गेली आणि ३८ पुसले. दोघांपैकी कुणाचंच चुकलं नव्हतं. एक रकाना दोघांना देणारा मी चुकलो होतो.

त्या एका रकान्याचे दोन केले: "पाठवलेल्या पेट्या" लाल, "पोचलेल्या पेट्या" निळा. भांडण मिटलंच, शिवाय दोन पेट्यांचा फरक आता समोर दिसतो. आधी तो सुधारणेत गडप व्हायचा. दलालाला फोन करायला तोच तर लागतो.

शेऱ्याचंही तसंच. दोघांना एकाच नोंदीवर काही लिहायचं असेल तर शेऱ्यांचा वेगळा तक्ता करा. त्यात नवी ओळ घालायची, जुनी बदलायची नाही. दलालांची आणि बागांची मूळ यादी कुठल्यातरी एकाच ठिकाणी बदलू द्या.

एवढं करूनही एखादा रकाना दोघांचाच राहिला, तर तुमचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे. तिथे टक्कर झाली की दोन्ही किमती जपून माणसाला विचारणारा पडदा बनवावा लागेल.

३. क्रमांक असा द्या की दोन्हीकडे एकच नोंद ओळखू येईल

आपोआप वाढणारा १, २, ३ क्रमांक दोन ठिकाणी चालत नाही. इकडे १०४१ जन्मतो, तिकडेही १०४१ जन्मतो, आणि सिंक झालं की एक दुसऱ्याच्या अंगावर बसतो. मांगराला सम, वाशीला विषम अशी वाटणी करता येते. मायएसक्यूएलमध्ये तशी सेटिंगही आहे. पण चुलत्यांनी तिसरा लॅपटॉप घेतला की पंचाईत.

यूयूआयडी वापरा. १२८ बिटांचा, लिहायला ३६ अक्षरांचा, आणि कुणाला न विचारता कुठेही बनवता येतो. त्याची सातवी आवृत्ती मे २०२४ मध्ये प्रमाणित झाली. ती वेळेच्या क्रमाने लागते, म्हणून इंडेक्सलाही बरी. फोनवर ३६ अक्षरं कोण वाचून दाखवणार? त्यासाठी "मां ४१२" असा छोटा क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवा, पण जोडणी यूयूआयडीवरच करा. दलालाचा मोबाइल नंबर ओळख म्हणून वापरू नका. तो बदलतो.

४. पुसू नका, रद्द म्हणा

ओळ डिलीट केली की पलीकडे कळवायला काही उरतच नाही. वर पलीकडची प्रत म्हणते, "ही तुझ्याकडे दिसत नाही, घे", आणि पुसलेली नोंद परत येते. आमच्याकडे एक चुकून भरलेली गाडी तीनदा परत आली होती.

प्रत्येक तक्त्यात "रद्द वेळ" असा रकाना घाला. रिकामा असेल तर नोंद जिवंत. बेरजा करताना रद्द नोंदी वगळायचं कुणीतरी विसरतंच, म्हणून फक्त जिवंत नोंदींचा एक व्ह्यू (साठवलेली क्वेरी, तक्त्यासारखी वाचता येणारी) बनवा आणि सगळे अहवाल त्यावरूनच काढा. खरोखर पुसायचं ते हंगाम संपल्यावर, दोन्हीकडे ताळा लागल्यावर.

५. बदलांची वही ठेवा

काय पाठवायचं हे ठरवायला लोक "शेवटचा बदल कधी" असा रकाना ठेवतात. तो प्रोग्रामने भरायचा असेल तर, कुणी थेट डेटाबेस उघडून हाताने दुरुस्ती केली की तो भरलाच जात नाही. चाळीस पेट्या तिथेच अडकल्या होत्या. हाताने दुरुस्ती करणारा मीच.

त्यापेक्षा ट्रिगर लावा, म्हणजे बदल झाला की डेटाबेस स्वतःच चालवतो ती आज्ञा. नोंद घातली किंवा बदलली की ट्रिगर "बदल" नावाच्या तक्त्यात एक ओळ लिहितो: अनुक्रमांक, तक्ता, नोंदीचा यूयूआयडी, वेळ. हे मूळ बदलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. लाइट गेली तर दोन्ही राहतात किंवा दोन्ही जातात. एसक्यूलाइटमध्ये या अनुक्रमांकाला ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द आवर्जून लावा. तो नसेल तर शेवटची ओळ पुसल्यावर तोच क्रमांक पुन्हा दिला जाऊ शकतो.

आता लाल-निळ्याचा फायदा बघा. दोन्ही डेटाबेसमध्ये ट्रिगर ठरावीक रकान्यांपुरता लावता येतो. मांगरातला ट्रिगर फक्त लाल रकान्यांवर, सर्व्हरवरचा फक्त निळ्यांवर. नवी गाडी जन्मते मांगरातच, म्हणून त्या तक्त्यावर इन्सर्टचा ट्रिगर तिथेच. हे केलं नाही तर वाशीहून आलेला भाव मांगरात लिहिताना इकडचा ट्रिगर उडतो, तो बदल परत वाशीला जातो, तिथला ट्रिगर उडतो, आणि रात्रभर दोघं एकमेकांना तीच नोंद पाठवत बसतात. डेटा पॅक सकाळी संपलेला असतो.

६. मांगरातून पाठवणं

पोस्टग्रेसचं दार थेट इंटरनेटला उघडू नका. मधे एक लहान वेब सेवा ठेवा, एचटीटीपीएसवर, परवलीच्या चावीसकट.

- बदलांच्या वहीतून पुढच्या दोनशे ओळी घ्या. एकच नोंद पाचदा बदलली असेल तर तिची आजची किंमत एकदाच पाठवा.
- आधी बागा आणि दलाल, मग गाड्या. उलटं केलं तर "असा दलालच नाही" म्हणून सर्व्हर नोंद नाकारतो.
- सर्व्हरने अख्खा गठ्ठा एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा आणि "अमुक क्रमांकापर्यंत मिळालं" अशी पोच द्यायची.
- पोच हातात आल्यावरच लॅपटॉपने आपली "इथपर्यंत पाठवलं" ही खूण पुढे सरकवायची.

माल पोचतो आणि पोच वाटेत हरवते, असं होणारच. मग तोच गठ्ठा पुन्हा जाणार. म्हणून तो दहादा लिहिला तरी फळ एकच यायला हवं. "५ पेट्या वाढव" असा निरोप कधीही पाठवू नका, "पेट्या ४५" असं पाठवा. लिहिताना "इन्सर्ट, ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट" (नोंद नसेल तर घाल, असेल तर बदल) वापरा आणि अपडेटमध्ये पाठवणाऱ्याच्या रंगाचेच रकाने घ्या. पोस्टग्रेसमध्ये हे ९.५ पासून, एसक्यूलाइटमध्ये ३.२४ पासून चालतं. एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएलमध्ये "रिप्लेस" दिसायला सुटसुटीत आहे, पण ते जुनी ओळ पुसून नवी घालतं, आणि जे रकाने तुम्ही दिले नाहीत ते रिकामे किंवा मूळ किमतीवर जातात. आमच्या एका आठवड्याच्या पट्ट्यांचे भाव असे उडाले होते.

एखादी नोंद काही केल्या आत जात नसेल तर तिच्यापायी मागचा सगळा गठ्ठा अडवू नका. ती "अडकलेल्या" तक्त्यात ठेवा, कारणासकट, आणि लॅपटॉपच्या पहिल्या पानावर लाल आकड्यात दाखवा. आकडा दिसला की काका हाक मारतात.

७. वाशीहून आणणं

रीत तीच, पण इथे एक बारीक खाच आहे. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहितो, म्हणून तिथले अनुक्रमांक ओळीने दिसतात. पोस्टग्रेसमध्ये एकाच वेळी अनेक जण लिहितात. कुणीतरी ५०१ क्रमांक घेतला पण त्याचं ट्रान्झॅक्शन रेंगाळलं, मधल्या काळात ५०२ लिहून पक्का झाला. तुम्ही ५०२ पर्यंत वाचून खूण पुढे नेली. ५०१ नंतर उगवला, आणि तुम्हाला तो कधीच दिसणार नाही. वेळेच्या रकान्यावर विसंबलात तरी हेच होतं.

सोपा इलाज: दरवेळी खुणेच्या थोडं मागून वाचायचं. मी खुणेआधीच्या दहा मिनिटांचे बदल पुन्हा घेतो. तेच दोनदा लिहिलं तरी बिघडत नाही हे पायरी ६ मध्ये जमवलेलं आहेच.

८. घड्याळ

भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपण साडेपाच तास पुढे. हंगामात पेट्या भरणं मध्यरात्रीनंतरही चालतं, आणि पहाटे साडेपाचपर्यंत भरलेला माल यूटीसीच्या हिशोबाने आदल्या दिवसाचा ठरतो. त्यात एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकारच नाही, ती नुसता मजकूर म्हणून राहते. आणि त्याचा करंट टाइमस्टॅम्पही यूटीसीतच मिळतो. वेळ दोन्हीकडे यूटीसीत साठवा, दाखवताना भारतीय करा, आणि "गाडीचा दिवस" अशी साधी तारीख मांगरातल्या माणसाला भरू द्या. कालची गाडी म्हणजे कुठली, ते त्याला घड्याळापेक्षा चांगलं कळतं.

कुठला बदल आधीचा हे घड्याळावरून ठरवूच नका. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी मेलेली असेल तर वीज गेल्यावर तो दहा-पंधरा वर्षं मागे जाऊन उठतो.

९. देवनागरी नावं

आमच्या एका बागेचं नाव "पऱ्ह्याकडची". मोबाइलवर भरलेलं आणि लॅपटॉपवर भरलेलं नाव डोळ्यांना एकच दिसायचं, पण डेटाबेसला दोन बागा दिसायच्या. त्यातला ऱ्ह तीन तऱ्हांनी लिहिला जातो: "ऱ" या एका अक्षराने, "र" अधिक नुक्ता असा, किंवा "र", हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. यूनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरी नाही. ती स्क्रिप्टमध्ये स्वतः बदलून घ्या, आणि नाव साठवण्याआधीच. अंकांचंही पाहा: "४०" आणि इंग्रजी अंकातले चाळीस मजकूर म्हणून वेगळे. त्याहून बरं म्हणजे नाव टाइपच करू देऊ नका, यादीतून निवडू द्या.

१०. रोजचा ताळा

सिंक चालू आहे म्हणजे नोंदी जुळल्यात असं नव्हे. रोज रात्री दोन्हीकडून दर दिवसाचे तीन आकडे काढा: जिवंत नोंदी किती, पाठवलेल्या पेट्यांची बेरीज, रकमेची बेरीज. जुळलं तर झोपा. नाही जुळलं तर फक्त त्या दिवसाच्या ओळी एकासमोर एक लावा.

रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा. रुपयांचे दशांश तरंगत्या बिंदूत ठेवले तर बेरीज शेवटच्या पैशाला हुलकावणी देते. ओळींचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढून ताडणार असाल तर क्रम पायथनमध्ये लावा, कारण दोन डेटाबेस मजकूर वेगवेगळ्या क्रमाने लावू शकतात. "रिकामं" आणि "नल" (किंमतच नसणं) यांतलं एक काय ते ठरवा. माझे पहिले सगळे खोटे गजर त्यापायी होते.

११. मुद्दाम मोडून बघा

हे हंगामाआधी, म्हणजे मोहोर यायच्या सुमारास करा. एप्रिलमध्ये कुणालाही वेळ नसतो आणि तुमचं कुणी ऐकणारही नाही.

- गठ्ठा जात असताना हॉटस्पॉट बंद करा.
- तोच गठ्ठा दोनदा पाठवा.
- लॅपटॉपचं घड्याळ एक वर्ष मागे न्या.
- एकच नोंद दोन्हीकडे एकाच मिनिटाला बदला.
- लॅपटॉपवर आठवड्यापूर्वीचा बॅकअप भरा.

शेवटची चाचणी टाळू नका. लॅपटॉपची बदलांची वही समजा ९०० वर होती, जुन्या बॅकअपने ती ८५० वर आली. पुढचे पन्नास बदल पुन्हा ८५१ ते ९०० असे क्रमांक घेतात, आणि सर्व्हर मिळालेले क्रमांक लक्षात ठेवत असेल तर "हे मला मिळालेत" म्हणून तो ते सोडून देतो. कुठेही चूक दिसत नाही. म्हणून वहीला एक पिढी-क्रमांक द्या, बॅकअप भरला की तो एकने वाढवा, आणि पिढी बदललेली दिसली की सर्व्हरने नेहमीची देवाणघेवाण थांबवून आधी सगळा ताळा घ्यावा. सर्व्हरकडे असलेल्या पण लॅपटॉपवर नसलेल्या लाल नोंदी तेव्हाच परत मांगरात उतरवून घ्यायच्या.

पहिला पूर्ण हंगाम काकांची वही बंद करू नका. आमच्याकडे ती मे अखेरीस, आंबा कॅनिंगला जायला लागल्यावर, काकांनी आपणहून कपाटात ठेवली. पुढच्या मार्चमध्ये नवी घेऊन आले.